परतीची रात्र आधी ठरवा: अमेरिकन कॉलेज संघासाठी चार्टर विमान घेताना

लग्नासाठी एसटीची अख्खी गाडी ठरवली की डेपोच्या कागदावर तिला 'प्रासंगिक करार' म्हणतात. गाडी तुमची, वेळ तुमची, थांबे तुमचे. आणि डेपोतून निघून डेपोत परत येईपर्यंतचे किलोमीटरही तुमच्याच खात्यावर. अमेरिकेतली कॉलेजं बाहेरगावच्या सामन्याला संघ नेण्यासाठी चार्टर विमान घेतात, तो व्यवहार याच जातीचा. फरक एवढाच, की वऱ्हाडात दीडशे माणसं, त्यातली पंधरा-वीस प्रत्येकी १३५ किलोच्या आसपासची, आणि मुहूर्त काढणारा भटजी म्हणजे टीव्ही चॅनेल.

स्पोर्ट मॅनेजमेंट शिकायला इकडे येणाऱ्या मराठी मुलामुलींना बहुधा ऑपरेशन्समध्येच पहिली असिस्टंटशिप मिळते. म्हणजे हॉटेल, बस, जेवण आणि एक दिवस अचानक विमान. मीही तशीच शिरले. तेव्हा कुणी समोर बसवून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशा गोष्टी इथे लिहिते आहे.

१. आधी विचारा, चार्टर हवंय कशाला?

बाहेरून वाटतं की अमेरिकन कॉलेजचे सगळे संघ स्वतःच्या विमानानं फिरतात. तसं नाही. मोठ्या कॉन्फरन्समधले (कॉन्फरन्स म्हणजे एकमेकांशी सामने खेळणाऱ्या कॉलेजांचा गट) फुटबॉल संघ, म्हणजे हेल्मेट घालून खेळायच्या अमेरिकन फुटबॉलचे, चार्टरनं जातात, बास्केटबॉलचे बरेचसे जातात. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, जलतरण, धावपटू हे सगळे बसनं नाहीतर साध्या तिकिटावर. ऑगस्ट २०२४मध्ये यूसीएलए, यूएससी, ऑरेगन आणि वॉशिंग्टन ही पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठं बिग टेन नावाच्या कॉन्फरन्समध्ये आली. तेव्हापासून न्यू जर्सीतल्या रटगर्सला कॉन्फरन्सच्या सामन्यासाठी लॉस एंजेलिस गाठावं लागतं. अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर, मुंबई-कोलकाता हवाई अंतराच्या दुपटीहून जास्त. स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं विद्यापीठ) तर पॅसिफिकच्या काठावर बसून नावातच 'अटलांटिक' असलेल्या कॉन्फरन्समध्ये खेळतात.

चार्टरचं खरं कारण ऐषआराम नसतो. कॉलेजं छोट्या गावांत, तिथून थेट विमानं नाहीत. रात्री अकराला सामना संपल्यावर निघणारं साधं विमान नाही. आणि सोमवारी सकाळी मुलांना वर्गात बसायचंय. यातलं एकही कारण लागू नसेल तर पैसे वाचवा. बसनं पाच तासांत होणाऱ्या प्रवासाला चार्टर घेणं हा मानापमानाचा प्रश्न असतो, नियोजनाचा नाही.

एक गोष्ट मात्र पहिल्याच बैठकीत काढा. १९७२च्या टायटल नाइन कायद्याखाली मुलगे आणि मुलींच्या संघांना मिळणारी वागणूक तपासली जाते, त्यात प्रवास आणि भत्ता हा वेगळा मुद्दा असतो. मुलांचं बास्केटबॉल विमानानं आणि मुलींचं त्याच गावाला बसनं, असं वर्षभर चाललं तर कधीतरी कुणी हिशोब मागणारच.

२. उलटा हिशोब मांडा

नवखा माणूस नियोजनाला शुक्रवार दुपारपासून सुरुवात करतो: किती वाजता निघायचं, हॉटेल कुठलं, सराव कधी. माझं सांगणं, कागदावर सगळ्यात आधी परतीचं उड्डाण लिहा आणि तिथून मागे या. जातानाचं विमान दोन तास उशिरा सुटलं तर एक सराव बुडतो. येतानाचं दोन तास उशिरा सुटलं तर कधीकधी सुटतच नाही.

कारण वैमानिकाचं घड्याळ. मोठ्या प्रवासी विमानांच्या कंपन्यांना ४ जानेवारी २०१४पासून एफएएचा, म्हणजे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाचा, पार्ट ११७ लागू आहे ('पार्ट' म्हणजे नियमावलीतला एक भाग). ड्युटी दिवसाच्या कोणत्या वेळी सुरू झाली, त्यावर ती किती तास चालू शकते ते ठरतं. एक किंवा दोन उड्डाणं असतील तर सकाळी ७ ते दुपारी १२च्या दरम्यान हजर झालेल्या वैमानिकांना १४ तास मिळतात. संध्याकाळी ५ ते रात्री १० दरम्यान १२. रात्री १० ते ११ दरम्यान ११. आणि मध्यरात्र ते पहाटे ४ मध्ये फक्त ९. त्यानंतर किमान १० तासांची विश्रांती.

आता लॉस एंजेलिसमधला शनिवारी रात्री साडेसातचा सामना घ्या, पाहुणा संघ न्यू जर्सीचा. सामना साडेतीन तास धरा, म्हणजे ११ वाजले. आंघोळ, पत्रकार, डॉक्टर, खाणं यात एक तास. बारा वाजता बस हलली, पाऊण तासात विमानतळ, तपासणी आणि सामान यात आणखी पाऊण तास. दीड वाजता उड्डाण, पाच तास हवेत, आणि न्यू जर्सीत, जिथलं घड्याळ तीन तास पुढे असतं, रविवारचे सकाळचे साडेनऊ. विमान शेजारच्या शहरातून रिकामं येणार असेल तर वैमानिक रात्री दहाला हजर झालेले असतात. त्यांचे ११ तास लॉस एंजेलिसच्या घड्याळानं सकाळी नऊला संपतात आणि तुम्ही साडेसहाला उतरता. अडीच तास हाताशी. भरपूर वाटतात ना?

तोच सामना सप्टेंबरात टेक्सास किंवा फ्लोरिडात ठेवून पाहा. जवळपास वीज पडली की खेळ थांबतो, आणि शेवटची वीज पडल्यापासून ३० मिनिटं झाल्याशिवाय पुन्हा सुरू होत नाही. एकोणतिसाव्या मिनिटाला आणखी एक पडली की मोजणी पहिल्यापासून. अशा दोन-तीन विजांत अडीच तास कुठे गेले ते कळत नाही. अनपेक्षित अडचणीत ड्युटी दोन तासांपर्यंत वाढवता येते, पण ते मुख्य वैमानिकानं आणि कंपनीनं ठरवायचं असतं. तुमच्या मुख्य प्रशिक्षकानं फोनवर आवाज चढवून ते होत नाही, होऊही नये. थकलेल्या वैमानिकाला 'साहेब, एवढं जमवा' म्हणणारा माणूस आपल्याकडच्या टॅक्सी स्टँडवरही नको असतो.

म्हणून विमान ठरवतानाच विचारा: परतीचे वैमानिक किती वाजता हजर होणार? सामना लांबला तर त्यांची वेळ पुढे ढकलता येईल का, आणि ते कंपनीला किती तास आधी कळवावं लागेल? हा एक प्रश्न विचारलात की समोरचा ओळखतो की तुम्ही हे काम जाणता.

दुसरं घड्याळ विमानतळाचं. सॅन डिएगोहून रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा उड्डाणाला बंदी आहे. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठाकडे रात्रीचा सामना असेल तर एकतर हॉटेलची दुसरी रात्र धरा किंवा दुसऱ्या विमानतळाकडे पाहा. छोट्या गावांत बंदी नसते, पण कंट्रोल टॉवर रात्री बंद होतो आणि अग्निशमनची माणसं घरी जातात. ३१ किंवा त्याहून जास्त आसनांच्या विमानासाठी विमानतळाकडे पार्ट १३९चं प्रमाणपत्र आणि त्याप्रमाणे बंब लागतो. पहाटे तीनला उतरायचं असेल तर तो आधी सांगून ठेवावा लागतो आणि त्याचे पैसे वेगळे.

३. विमानाचा आकार

फुटबॉलसाठी बहुतेकदा बोइंग ७३७-८०० किंवा एअरबस ए३२०. ७३७-८००मध्ये कंपनीप्रमाणे १६० ते १८६ आसनं असतात. खेळाडू सत्तर ते ऐंशी, बाकी प्रशिक्षक, ट्रेनर, डॉक्टर, व्हिडिओवाले, अधिकारी. माणसं सव्वाशे-दीडशेच, पण मधली आसनं रिकामी ठेवता आली नाहीत तर लाइनमन मंडळींना, म्हणजे पुढच्या फळीतल्या धिप्पाड खेळाडूंना, बसवायचं कुठे? हेल्मेट, पॅड, ट्रंका असं जड सामान ट्रकनं आधीच रस्त्यानं निघालेलं असतं. लांबच्या दौऱ्याला ट्रक संघाच्या कितीतरी दिवस आधी सुटतो, तेव्हा त्याची तारीख विमानाबरोबरच लिहून टाका.

बास्केटबॉलचा संघ पंचवीस-तीस जणांचा, त्याला ३० आसनांचं छोटं जेट पुरतं. हा ३०चा आकडा उगाच नाही. ३० आसनं आणि ७,५०० पौंड भारापर्यंतची मागणीनुसार उड्डाणं पार्ट १३५खाली येतात, त्यापुढची पार्ट १२१खाली. वैमानिकांच्या वेळा, देखभाल, कागदपत्रं सगळं या रेषेवर बदलतं. कोटेशनवर विमानाचं नाव ठळक असतं आणि हा आकडा बारीक. तुम्ही आधी बारीक अक्षरं वाचा.

४. विमान नक्की कोण चालवतंय?

इथे घाई करू नका. कॉलेजला फोन येतो तो बहुतेकदा दलालाचा. दलाल असण्यात गैर काही नाही. चांगला दलाल दहा कंपन्यांत तुमच्या तारखेचं विमान शोधतो आणि बिघाडाच्या रात्री दुसरं मिळवून देतो. पण विमान त्याचं नसतं आणि ते उडवण्याचा परवानाही त्याच्याकडे नसतो. फेब्रुवारी २०१९पासून लागू असलेल्या अमेरिकी वाहतूक खात्याच्या पार्ट २९५ नियमानुसार, प्रत्यक्ष उड्डाण कोणती कंपनी करणार आणि विमानाचा ताबा कुणाकडे राहणार, हे दलालानं सांगायला हवं. न विचारता सांगितलं नाही तर विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

हे इतकं घोटून का सांगते? २ ऑक्टोबर १९७०. विचिटा स्टेटचा फुटबॉल संघ युटातल्या लोगनला निघाला होता, दोन मार्टिन ४-०-४ विमानांत. विमानं एका कंपनीची, वैमानिक दुसऱ्या कंपनीनं पुरवलेले. डेन्व्हरला इंधन घेतल्यावर त्यातलं एक विमान देखावा दाखवायला डोंगरांमधल्या दरीतून नेलं. वजन मर्यादेपेक्षा जास्त, समोर चढत जाणारा डोंगर, वळायला जागा नाही. ४० पैकी ३१ जण गेले. नंतर प्रश्न उभा राहिला की या उड्डाणाची जबाबदारी घेणारी कंपनी कुठली. तो प्रश्न तिकीट काढण्याआधी विचारायचा असतो.

त्यानंतर सहा आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, मार्शल विद्यापीठाचा संघ सामना खेळून घरी येताना हंटिंग्टनच्या धावपट्टीअलीकडे टेकडीवर आदळला. ७५ जण होते, एकही वाचला नाही. ते मात्र रीतसर एअरलाइनचं चार्टर होतं. कागद नीट असले म्हणजे सगळं झालं असं नाही, पण कागदच नीट नसतील तर बाकीचं तपासायला बसूच नका.

कंपनीकडून मागायच्या गोष्टी अशा: एफएएचं एअर कॅरिअर प्रमाणपत्र, ती कोणत्या पार्टखाली उडते, विम्याची रक्कम आणि त्यात विद्यापीठाचं नाव, नेमक्या विमानाचा नोंदणी क्रमांक, आणि दोन वैमानिक असल्याची लेखी खात्री. २७ जानेवारी २००१ला ओक्लाहोमा स्टेटचं बास्केटबॉल मंडळ कोलोरॅडोहून परतताना छोट्या किंग एअर विमानाच्या अपघातात दहा जण गेले. विद्यापीठानं त्यानंतर प्रवासाचे स्वतःचे नियम बनवले, आणि अमेरिकेच्या अपघात तपास मंडळानं इतर कॉलेजांनी ते पाहावेत अशी शिफारस केली. तुमच्या विद्यापीठाचं असं धोरण असेल तर ते शोधून वाचा. बहुतेक ठिकाणी ते असतं आणि धूळ खात पडलेलं असतं.

५. भाव आणि करार

फुटबॉलचं जाऊन-येऊन चार्टर सहा आकडी डॉलरमध्ये जातं. आकडा कुठून येतो ते समजायला पुण्याहून गोव्याला एकेरी टॅक्सी केल्याचं आठवा: परतीचं भाडंही तुम्हीच देता. तसंच इथे. विमान जिथे उभं असतं तिथून तुमच्या गावी रिकामं येतं, तुम्हाला सोडून रिकामं जातं, परतीसाठी पुन्हा रिकामं येतं. या रिकाम्या फेऱ्या कमी करता आल्या तर पैसे वाचतात. कधी विमान आणि वैमानिक तुमच्याच हॉटेलच्या गावी मुक्कामी ठेवणं स्वस्त पडतं, कधी सोडून देणं. दोन्ही भाव मागा.

त्यावर देशांतर्गत विमानप्रवासाचा साडेसात टक्के संघीय कर, इंधनाच्या भावाप्रमाणे अधिभार, विमानतळाची फी. हिवाळ्यात पंखांवरचा बर्फ काढायचा खर्च मूळ भावात जवळजवळ कधीच नसतो, तो नंतर बिलात येतो. बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तेव्हा त्यासाठी आधीच रक्कम बाजूला ठेवा.

करारात मी सगळ्यात जास्त भांडते ते उड्डाणाच्या वेळेच्या कलमावर. फुटबॉलच्या तारखा वर्षानुवर्षं आधी ठरतात, पण सामना दुपारी बाराला की रात्री साडेसातला हे टीव्हीवाले अनेकदा १२ दिवस आधी, आणि काही आठवड्यांत ६ दिवस आधी सांगतात. करार मात्र तुम्ही वसंतात केलेला. तेव्हा 'वेळ बदलल्यास जादा आकार' असं सरसकट कलम असेल तर सही करू नका. सामन्याची वेळ जाहीर झाल्यावर एकदा वेळ बदलण्याचा हक्क, तोही फुकट, हे लिहून घ्या. मग विमान बदललं तर ते किती आसनांचं असेल, बिघाड झाला तर पर्यायी विमान किती तासांत, आणि रद्द केल्यास कोणत्या तारखेनंतर किती पैसे बुडणार.

आणखी एक सापळा. आसनं उरली की कुणीतरी म्हणतंच, 'देणगीदारांना विकूया, तेवढाच खर्च निघेल.' कॉलेजचं चार्टर ज्या प्रकारात बसतं त्यात खर्च विमान घेणाऱ्यानं उचलायचा असतो, प्रवाशांकडून सरळ किंवा आडमार्गानं वसूल करायचा नसतो. पैसे घेतलेत की व्यवहाराचा प्रकार बदलतो आणि नियमही. विद्यापीठाच्या वकिलाला विचारल्याशिवाय एकही आसन विकू नका.

६. नावं आणि वजनं

प्रवाशांच्या यादीत पूर्ण नाव, जन्मतारीख आणि लिंग ओळखपत्राप्रमाणे लागतं. इथे आपली मंडळी हमखास अडकतात. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव मिळून पहिलं नाव, लायसन्सवर वडिलांचं नाव मधलं, आणि संघाच्या यादीत घरचं हाक मारायचं नाव. परदेशी खेळाडूंची आणि विद्यार्थी मॅनेजरांची नावं त्यांच्याकडून न विचारता, पासपोर्टचं पान पाहून भरा. ७ मे २०२५पासून रिअल आयडीची, म्हणजे संघीय निकषांप्रमाणे दिलेल्या लायसन्स किंवा ओळखपत्राची, सक्ती झाली आहे. ते नसेल तरी परदेशी पासपोर्ट चालतो, म्हणून बॅगेत ठेवायला सांगा.

तपासणी विमानाच्या आकारावर ठरते. ६१ किंवा जास्त आसनं, किंवा ४५,५०० किलोहून जास्त वजनाचं विमान असेल तर प्रवासी आणि हातातल्या बॅगांची तपासणी लागते. छोट्या जेटला नावं पडताळली जातात, पण मेटल डिटेक्टरची रांग बहुधा नसते. म्हणूनच बास्केटबॉलची मुलं बसमधून उतरून थेट शिडीवर चढताना दिसतात.

वजनाच्या बाबतीत लाजू नका. एअरलाइन एरवी प्रवाशाचं सरासरी वजन धरते, पण फुटबॉल संघाला सरासरी चालत नाही. प्रत्यक्ष वजनं द्यावी लागतात. कार्यक्रमपत्रिकेत छापलेली वजनं देऊ नका, ती फुगवलेली किंवा आटवलेली असतात. ट्रेनरकडून त्या आठवड्याची घ्या. आणि कुणाला कुठे बसवायचं हे तुमच्या मुख्य प्रशिक्षकाच्या मनावर नसतं: सगळी जाडजूड मुलं मानानं पुढच्या मोठ्या आसनांवर बसवली तर विमानाचा तोल पुढे जातो. सामानाचंही तेच. १३ डिसेंबर १९७७ला एव्हान्सव्हिलचा बास्केटबॉल संघ नेणारं डीसी-३ उड्डाणानंतर लगेच पडलं, २९ जण गेले. शेपटीवरचा रडर आणि पंखावरचा एक एलेरॉन या विमान वळवणाऱ्या पट्ट्या, त्या उभ्या विमानात वाऱ्यानं हलू नयेत म्हणून लावलेली कुलपं काढायची राहिली होती, आणि सामान मागच्या बाजूला जास्त भरलं होतं. तेव्हा मागच्या दारातून 'या दोन ट्रंका पण टाका हो' असं म्हणणारा विद्यार्थी मॅनेजर तुम्ही असाल तर थांबा, लोड करणाऱ्याला विचारा, आकडा लिहू द्या.

७. सामन्याचा दिवस

विमानतळावरचं तुमचं ठिकाण मोठं टर्मिनल नसतं. खासगी विमानांची सोय बघणारी एफबीओ कंपनी असते. तिथे बस विमानापर्यंत जाते. तिला आदल्या दिवशी फोन करा आणि चारच गोष्टी विचारा: शिडी, सामानाचा पट्टा, विमानाला जमिनीवरून वीज, बर्फ काढायची गाडी. परतीचं जेवण विमानात की बसमध्ये हे ठरवून टाका; सामना हरलेल्या मुलांना रात्री एक वाजता गार सँडविच देऊ नका, एवढीच माझी विनंती. जखमी खेळाडूचा पाय लांब ठेवता येईल अशी एक ओळ रिकामी सोडा.

सामन्याच्या चार क्वार्टरपैकी तिसऱ्यापासून फोन हातात ठेवा. तिसरा संपताना, चौथ्यात सहा मिनिटं उरली असताना आणि शेवटची शिटी झाल्यावर, असे तीन निरोप विमान कंपनीच्या ड्युटी माणसाला. ओव्हरटाइम लागला तर चौथा.

८. बिघडलं तर

८ मार्च २०१७ला मिशिगनचा बास्केटबॉल संघ बिग टेन स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला निघाला होता. विमान उभं असताना जोरदार वाऱ्यानं एलिव्हेटर (विमानाचं नाक वर-खाली करणारी शेपटीवरची पट्टी) अडकला होता, आणि ते कळलं धावपट्टीवर वेग घेतल्यानंतर. नाक उचलेना. वैमानिकानं उड्डाण सोडून दिलं, विमान धावपट्टीपलीकडे घसरत गेलं, ११६ जण सुखरूप बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी संघ दुसऱ्या विमानानं पोचला. गणवेश पहिल्या विमानात अडकलेले, म्हणून सरावाच्या कपड्यांत इलिनॉयविरुद्ध खेळला, जिंकला, आणि पुढे स्पर्धाही जिंकला.

यातून ऑपरेशन्सवाल्यानं घ्यायचं ते एवढंच: एक जोडी गणवेश आणि औषधांची पेटी विमानाच्या पोटात नाही, सोबतच्या बसमध्ये. प्रवाशांची यादी छापील, दोन जणांकडे, कारण विमानातून बाहेर पडल्यावर डोकी मोजायची असतात आणि तेव्हा लॅपटॉप आत असतो. आणि विमानात चढायला नको म्हणणाऱ्या मुलाला, का म्हणून न विचारता, दुसरी सोय. अशी मुलं असतात. त्यांच्यावर हसू नका.

९. उतरल्यावर

आता माझी फजिती. एका शनिवारी रात्रीचा सामना, परतीचं विमान पहाटे साडेतीनला घरच्या विमानतळावर. विमान वेळेवर, वैमानिकांच्या ड्युटीत दोन तास शिल्लक, सगळं चोख. बाहेर बस नाही. बसवाल्याला मी लिहून दिलं होतं, 'शनिवार, पहाटे ३:३०'. त्याप्रमाणे त्याच्या चार गाड्या शनिवारी पहाटे साडेतीनला येऊन, तासभर वाट पाहून, परत गेल्या होत्या. मी तेव्हा हॉटेलात झोपले होते. रविवारी पहाटे एकशे चाळीस माणसं एफबीओच्या दिवाणखान्यात जमिनीवर पसरली आणि मी फोनवर ड्रायव्हर उठवत बसले. तेव्हापासून रात्री बारानंतरची प्रत्येक वेळ मी दोन्ही वारांसकट लिहिते, 'शनिवारची रात्र, रविवार पहाटे ३:३०', आणि सामना सुरू होण्याआधी ड्रायव्हरकडून ती वाचून घेते.